मारियाचा मुलगा

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ तुम्हाला आठवत असेलच. चांद्रयान-३ उतरायचं होतं म्हणून आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका समोरच्या काकूंच्या पुढच्या खोलीत जमल्या होत्या. कुणी भिजवलेली कणीक तशीच झाकून आली होती, कुणी कुकरच्या शिट्ट्या मोजायला नवऱ्याला बसवून आली होती. सहा वाजून चार मिनिटांनी यान चंद्रावर टेकलं आणि आम्ही अशा ओरडलो की रस्त्यावरचा भाजीवाला घाबरून आत डोकावला. काकूंनी साखर वाटली. टीव्हीवर बेंगळुरूचं केंद्र दिसत होतं. साड्या नेसलेल्या शास्त्रज्ञ बायका हसत टाळ्या वाजवत होत्या. खरं सांगते, माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात काकूंच्या नातीनं प्रश्न काढला. पाचवीत होती तेव्हा ती, आणि एकदा सुरू झाली की थांबत नाही. आकाशात सगळ्यात पहिलं यान कुणी सोडलं, हे तिला हवं होतं. मी रशिया म्हणून सांगितलं, तर रशियातल्या कुणी, असं तिचं पुढचं. मी गागारिनचं नाव घेतलं. पण तो तर नुसता त्यात बसून गेला, बनवणारा कोण? मी गप्प. काकूंनी तिच्या हातावर आणखी थोडी साखर ठेवली आणि विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. घरकामाच्या रगाड्यात बरेच दिवस राहून गेलं, मग हळूहळू शोधत गेले, मिळेल ते वाचत गेले. बनवणाऱ्याचं नाव सर्गेई पावलोविच कोरोलेव्ह. मला ते ठाऊक नव्हतं याची फार लाज वाटून घ्यायला नको, कारण १९६६ सालच्या जानेवारीपर्यंत त्यांच्या स्वतःच्या देशातल्या साध्या माणसांनाही ते ठाऊक नव्हतं. ज्याच्या कामाच्या जोरावर अख्खा देश जगापुढे छाती काढून उभा होता, त्याचं नाव त्या देशानं कुलपात ठेवलं होतं.

रॉकेटवाल्यांनी त्यांच्यावर पुष्कळ लिहिलंय. मला मात्र वाचता वाचता त्यांच्याबरोबर त्यांची आईच जास्त दिसायला लागली. मारिया तिचं नाव. तिला मी एकेरीच म्हणणार आहे. मावशीला आपण अहो-जाहो कुठे करतो?

सर्गेईचा जन्म १२ जानेवारी १९०७ चा, झितोमीर गावचा. तेव्हा तिथे झारचं राज्य होतं, आज हे गाव युक्रेनमध्ये येतं. वडील शिक्षक. मारिया नेझिन गावच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिला शिकायचं होतं आणि घरच्यांना तिचं लग्न उरकायचं होतं. पुढे काय झालं असेल ते मी सांगायला नको. लग्न झालं, पण टिकलं नाही. मुलगा तीनेक वर्षांचा असताना ती नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. आजसुद्धा मुलगी लेकराला घेऊन माहेरी राहायला आली की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापासून कुजबुज सुरू होते, तेव्हाचं काय बोलावं!

पण ही बाई रडत बसली नाही. मुलाला आईवडिलांपाशी ठेवून ती कीव्हला गेली, बायकांच्या उच्च शिक्षणाच्या वर्गात नाव घातलं आणि फ्रेंच शिकायला लागली. अधूनमधून येऊन मुलाला भेटून जायची. आजोळी काकड्या खारवून विकायचा धंदा होता. नेझिनच्या खारवलेल्या काकड्या लांबलांबपर्यंत प्रसिद्ध होत्या. मोठं घर, मोठं अंगण, अंगणाला बंद फाटक आणि त्यात हा एकटा पोरगा. बरोबरीचं खेळायला कुणी नाही. वडील वारले असं त्याला सांगितलेलं होतं. ते खरं नव्हतं, वडील १९२९ पर्यंत हयात होते. आईनं असं का करावं, यावर मी बराच विचार केला. मूल हातचं जाईल ही भीती असेल, नाहीतर गावाच्या प्रश्नांना कंटाळली असेल. तरी मुलाशी असं खोटं बोलणं मला पटलं नाही. मावशीची प्रत्येक गोष्ट थोडीच पटते?

१९११ साली गावात एक वैमानिक विमान घेऊन आला, उतोच्किन नावाचा. तिकीट काढून अख्खा गाव बघायला गेला. चार वर्षांचा सर्गेई आजोबांच्या खांद्यावर बसून बघत होता. विमान जमिनीवरून उठलं, थोडं अंतर गेलं आणि पुन्हा उतरलं, बस एवढंच. पण पोरगा त्या दिवसापासून वेडा झाला तो झालाच.

१९१६ मध्ये मारियानं दुसरं लग्न केलं. हे गृहस्थ बालानिन, इंजिनिअर होते. सावत्र बाप म्हटलं की आपल्या मनात जे येतं तसले अजिबात नव्हते. मुलाला त्यांनी जीव लावला, अभ्यासाची गोडी लावली. कुटुंब ओदेसाला समुद्रकाठी राहायला गेलं आणि लगोलग क्रांती, यादवी युद्ध, उपासमार. शाळा बंद पडल्या. बंदरावर पाण्यावरून उडणारी विमानं असायची, पोरगा दिवसभर तिथेच. पुढे बांधकामाच्या शाळेत घातला तेव्हा तो चक्क कौलं बसवायला शिकला. घरं शाकारणारा कारागीर म्हणून त्याच्या हातात दाखला होता बरं का! आणि त्याच सुमाराला, सतराव्या वर्षी, त्यानं बिनइंजिनाच्या विमानाचा, म्हणजे ग्लायडरचा आराखडा काढून दाखवला होता.

त्याच शाळेत क्सेनिया नावाची एक हुशार मुलगी होती. सर्गेईनं तिला लग्नाचं विचारलं. तिला तो आवडत होता, पण आधी डॉक्टर व्हायचं होतं. तिनं थांबायला सांगितलं आणि शिकायला निघून गेली. थांबला बिचारा सात वर्षं. तोवर तो कीव्हला शिकला, पोटासाठी वर्तमानपत्रं टाकली, छपरं शाकारली, मग मॉस्कोला जाऊन विमानविद्येचा इंजिनिअर झाला. तिथे तुपोलेव्ह हे विमानं बनवणारे मोठे गुरू मिळाले. १९३१ मध्ये लग्न झालं तेव्हा तिकडे डॉक्टरीणबाई तयार होत्या. १९३५ मध्ये मुलगी झाली, नताशा.

आता इथून पुढे त्यांना अहो-जाहो करते, कारण आता ते मोठ्या कामाला लागले. मॉस्कोत एका तळघरात रॉकेटचं खूळ डोक्यात असलेली काही तरुण मंडळी जमायची. पगाराची बोंब. त्या मंडळाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून फुकट राबणाऱ्या इंजिनिअरांचं मंडळ असा विनोद तेच करायचे. डाग द्यायला चांदी हवी, ती नाही, म्हणून कुणी कुणी घरातले चांदीचे चमचे आणून वितळवले असं सांगतात. त्यांच्या बायकांनी काय म्हटलं असेल ते मात्र कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. १७ ऑगस्ट १९३३ रोजी त्यांचं पहिलं रॉकेट उडालं. अठरा सेकंद, साधारण चारशे मीटर उंच. आपल्या दिवाळीच्या बाणाच्या मानानं बरंच, चंद्राच्या मानानं काहीच नाही. पण ते उडालं.

आणि मग आलं १९३८ साल.

स्टालिनच्या राज्यात तेव्हा माणसं रात्रीची उचलून नेत. कुणाचं तरी नाव मारहाण करून कुणाच्या तरी तोंडून काढायचं आणि मग त्याला पकडायचं, अशी साखळीच चालली होती. कोरोलेव्ह ज्या संस्थेत होते तिच्या दोन वरिष्ठांना गोळ्या घातल्या गेल्या. २७ जूनच्या रात्री पोलीस यांच्या दारात आले. नताशा तीन वर्षांची, आजोळी असलेली. आरोप काय, तर देशाच्या कामात मुद्दाम घातपात केला. देशासाठी तळघरात फुकट राबणाऱ्या माणसावर हा आरोप! चौकशीत मारलं, इतकं की जबडा मोडला असं त्यांचे चरित्रकार लिहितात. शेवटी कबुलीवर सही घेतली आणि दहा वर्षांची शिक्षा ठोठावली.

अशा घरात तेव्हा कुणी पाऊल टाकत नसे. शेजारी जिन्यात भेटले तर मान फिरवत. देशद्रोह्याची बायको, देशद्रोह्याची आई हा शिक्का कपाळावर. क्सेनिया दवाखान्यातली नोकरी सांभाळत जीव मुठीत धरून होती. आणि मारिया, वय पन्नास, उठली आणि लिहायला बसली. अटकेनंतर महिन्याच्या आत तिचं पहिलं पत्र थेट स्टालिनच्या नावे गेलं. मग दुसरं, मग तार, मग अर्ज. तुरुंगाच्या खिडकीपुढे रांगा, वकिलाच्या कचेरीपुढे रांगा. आपल्याकडे तहसीलमध्ये एका उताऱ्यासाठी चार खेटे घातले की आपण हात टेकतो. ही बाई अशा दारात जात होती की जिथे जाणाराच परत येईल याची खात्री नव्हती.

तिला कळलं होतं की नुसत्या आईच्या अर्जाला कुणी विचारणार नाही. नाव असलेलं माणूस पाहिजे. म्हणून ती दोन वैमानिकांकडे गेली. एक ग्रोमोव्ह, उत्तर ध्रुवावरून अमेरिकेपर्यंत विमान नेलेले. दुसरी व्हालेंतिना ग्रिझोदुबोवा. या बाईबद्दल खरं तर वेगळा लेख लिहायला हवा. १९३८ च्या सप्टेंबरात ती आणि आणखी दोघीजणी मॉस्कोपासून अतिपूर्वेपर्यंत न थांबता विमान घेऊन गेल्या, जवळजवळ सहा हजार किलोमीटर, आणि देशाचा सर्वोच्च किताब मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रिया ठरल्या. त्या दिवसांत तिचे फोटो घरोघरी. अशा वेळी देशद्रोह्याच्या आईला दारात उभं करणं म्हणजे स्वतःचं नाव पणाला लावणं. तिनं ते लावलं. ग्रोमोव्हनीही शब्द टाकला. १९३९ च्या जूनमध्ये वरच्या न्यायालयानं आधीची शिक्षा रद्द केली, खटला पुन्हा चालवा म्हणून सांगितलं.

पण तोवर मुलगा निघून गेला होता. हुकूम निघाला तेव्हा कैद्यांची गाडी पूर्वेच्या वाटेवर होती. कोलिमा. सैबेरियाच्याही पलीकडचा मुलूख, सोन्याच्या खाणी, थंडी अशी की थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी. काही महिन्यांत कोरोलेव्हांचे दात पडले, हिरड्यांतून रक्त, पाय सुजलेले. पौष्टिक अन्न सोडाच, भाकरीचा तुकडाही गुंड कैदी हिसकावून घेत. त्यांना वाचवलं उसाचोव्ह नावाच्या दुसऱ्या एका कैद्यानं. पूर्वी विमानाच्या कारखान्याचे प्रमुख होते ते, अंगानं दणकट. त्यांनी त्या गुंडांना वठणीवर आणलं आणि मरायला टेकलेल्या या माणसाच्या तोंडात अन्न जाईल असं बघितलं. कोरोलेव्हांनी पुढे मोठे झाल्यावर त्यांना शोधून आपल्याकडे नोकरीला ठेवलं.

डिसेंबरात परतीचा हुकूम एकदाचा पोचला. मगादान बंदरावर येईपर्यंत त्या मोसमातली बोट निघून गेली होती असं सांगतात. इंदिगिर्का तिचं नाव. ती जपानच्या किनाऱ्यालगत वादळात सापडली आणि सातशेवर माणसं मेली.

१९४० मध्ये मॉस्कोत पुन्हा खटला झाला आणि पुन्हा आठ वर्षं सुनावली. आईच्या दोन वर्षांच्या खेटयांचं फळ म्हणायचं तर इतकंच, की यावेळी खाणीत न पाठवता शास्त्रज्ञांच्या तुरुंगात ठेवलं. हा एक अजब प्रकार होता. देशातले हुशार इंजिनिअर कैदी करून एका इमारतीत कोंडायचे, जेवण बरं द्यायचं आणि विमानं काढून घ्यायची. त्यांचे गुरू तुपोलेव्ह स्वतः तिथे कैदी होते!

मॉस्कोच्या तुरुंगात मुलीला भेटायची परवानगी मिळाली तेव्हाची एक गोष्ट नताशानं मोठेपणी सांगितली आहे. बाबा वैमानिक आहेत, लांब कामावर आहेत असं तिला घरी सांगितलेलं. पाच वर्षांची पोर, तुरुंगाचं ते चिमुकलं आवार बघून तिनं विचारलं की बाबा, एवढ्याशा जागेत तुमचं विमान उतरलं कसं? बापाच्या आधी पहारेकरीच बोलला म्हणे, की बाळ, इथे उतरणं सोपं असतं, उडून जाणं अवघड. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं आणि स्वयंपाकाला लागले.

१९४४ मध्ये सुटका झाली. पुढच्या वर्षी लष्करी गणवेश चढवून त्यांना जर्मनीत धाडलं, हिटलरची रॉकेटं कशी चालतात ते बघायला. परत आले ते रॉकेट कारखान्याचे मुख्य रचनाकार म्हणूनच. सरकारला रॉकेट हवं होतं ते अणुबॉम्ब अमेरिकेपर्यंत नेण्यासाठी, हे लपवण्यात अर्थ नाही. कोरोलेव्हांना आकाशात जायचं होतं. दोघांनी एकमेकांना वापरून घेतलं असं मला वाटतं, पण दोघांत दुबळं कोण होतं ते उघडच आहे.

संसाराचं मात्र काही खरं राहिलं नाही. सहा वर्षं ज्या बाईनं डोक्यावरचा शिक्का सोसला, मूल वाढवलं, त्या क्सेनियाला सोडून त्यांनी १९४९ मध्ये नीना नावाच्या दुभाषी बाईंशी लग्न केलं. नीनाबाईंनी त्यांना शेवटपर्यंत सांभाळलं, त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं कारण नाही. पण क्सेनियाचं दुःख मोठं होतं, आणि नताशा कित्येक वर्षं बापाशी धड बोलली नाही. ती आईसारखीच शल्यचिकित्सक झाली. पुढे वडील गेल्यावर तिनंच त्यांचं तीन खंडांचं चरित्र लिहिलं. रुसलेल्या मुलीच बापावर जास्त लिहितात की काय कोण जाणे.

१९५७ साल उजाडलं. त्यांचं नवं रॉकेट, आर-७, मे ते जुलै सारखं फसत होतं. एक तर हवेतच फुटलं. २१ ऑगस्टला ते एकदाचं नीट उडालं. आणि त्यांनी लगेच धोशा लावला, की आता याच्यावर बॉम्बऐवजी एक छोटा चंद्र बसवून बघू द्या. ४ ऑक्टोबरच्या रात्री स्पुटनिक गेला. अॅल्युमिनियमचा गोल, अठ्ठावन्न सेंटिमीटरचा, वजन ८३.६ किलो, म्हणजे ज्वारीचं भरलं पोतंही त्याहून जड. तो गोल आरशासारखा लखलखीत घासलेला असला पाहिजे हा कोरोलेव्हांचा हट्ट होता. आपण दिवाळीला तांब्याची भांडी घासतो ना, त्यातलाच प्रकार. शहाण्णव मिनिटांत पृथ्वीला एक फेरी, आणि बीप बीप असा आवाज. सरकारी वर्तमानपत्रानं दुसऱ्या दिवशी जेमतेम छोटी बातमी दिली. बाहेरच्या जगात हलकल्लोळ झाल्यावर कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलंय, मग तिसऱ्या दिवशी पानभर मथळे!

आणि आता ऐका. या माणसावरचा १९३८ चा घातपाताचा कलंक सरकारनं अधिकृतपणे पुसला तो केव्हा? त्याच १९५७ साली, स्पुटनिकच्या अवघे काही महिने आधी.

तर अभिमानाची लाट आली. लहान मुलांची खेळणी, शाळा, टपाल तिकिटं, सगळीकडे स्पुटनिक. फक्त बनवणाऱ्याचं नाव नाही. शत्रू मारेल म्हणून गुप्त ठेवलंय, असं कारण सांगायचे. वर्तमानपत्रात मुख्य रचनाकार एवढंच छापून यायचं. त्यांनी स्वतः लेख लिहिले तर खाली नाव प्राध्यापक के. सर्गेयेव. परदेशी परिषदांना सेदोव्ह नावाचे दुसरेच शास्त्रज्ञ जायचे आणि बाहेरचे लोक त्यांनाच स्पुटनिकचे जनक समजून हार घालायचे. नोबेलवाल्यांनी नाव विचारलं तेव्हा ख्रुश्चेव्हनी हे काम साऱ्या जनतेचं आहे असं कळवून टाकलं, असंही सांगतात.

माझे एक मामा आयुध निर्माणीत होते. तिथे काय बनतं, हे त्यांनी निवृत्तीनंतरही मामीला सांगितलं नाही. डबा घेऊन जायचे, डबा घेऊन यायचे. २६ जानेवारीला दिल्लीचं संचलन टीव्हीवर लागलं की मात्र कॉट सोडून पाट घेऊन पुढ्यात बसायचे, आणि एखादी गाडी पुढून गेली की हळूच पायाचा अंगठा हलवायचे. आम्ही पोरं त्या अंगठ्याकडे बघून ओळखायचो की यातलं काहीतरी मामांचं आहे. कोरोलेव्हांचं वाचताना मला तो अंगठा सारखा आठवत होता.

पुढची चार-पाच वर्षं म्हणजे घाईच घाई. १९५९ मध्ये त्यांचं एक यान चंद्रावर जाऊन आदळलं आणि दुसऱ्यानं चंद्राची कधी न दिसलेली पाठ फोटोत आणली. १९६० च्या अखेरीला हृदयविकाराचा झटका आला, तरी थांबले नाहीत. १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिनला पाठवायचं होतं, तेव्हा आधीच्या वर्षातली कुत्र्यांना घेऊन गेलेली काही यानं फुटली होती, जळाली होती. त्या पोराला लिफ्टपर्यंत पोचवून हे नियंत्रणकक्षात जाऊन बसले. एकशे आठ मिनिटांत गागारिन पृथ्वीला वळसा घालून आला, आणि उतरला कुठे तर व्होल्गाकाठच्या शेतात. तिथे काम करणारी एक शेतकरीण आणि तिची नात, या दोघी त्याला पहिल्यांदा भेटल्या. केशरी कपड्यातला माणूस बघून घाबरल्याच त्या. दोन दिवसांनी मॉस्कोत अशी मिरवणूक निघाली की विचारू नका. गागारिन उघड्या गाडीत, रस्त्यावर लाखो लोक. ज्यानं पाठवलं ते मागच्या गाड्यांमध्ये कुठेतरी, कोटावर एक पदक न लावता.

१९६३ च्या जूनमध्ये तेरेश्कोवा गेली. कापड गिरणीत काम केलेली मुलगी, जगातली पहिली अंतराळस्त्री, अठ्ठेचाळीस फेऱ्या मारून आली. मलाही आनंद आहेच. पण पुढे त्या देशानं दुसरी बाई पाठवली ती थेट १९८२ मध्ये. मिरवायला एक बाई झाली, काम भागलं. देशाच्या अभिमानात आपली जागा बरेचदा अशीच असते, रांगोळीपुरती.

१९६५ मध्ये त्यांच्याच यानातून लिओनोव्ह पहिल्यांदा बाहेर पडून अंतराळात तरंगला. पुढचा नंबर चंद्राचा होता. १९६६ च्या जानेवारीत कोरोलेव्ह दवाखान्यात दाखल झाले, साधी शस्त्रक्रिया म्हणून. आरोग्यमंत्री स्वतः शल्यचिकित्सक होते, त्यांनीच हाती सुरी घेतली. आत मोठी गाठ निघाली, रक्तस्राव थांबेना. श्वासाची नळी घशात घालायला गेले तर तोंड पुरेसं उघडेना. अठ्ठावीस वर्षांपूर्वी चौकशीत मोडलेला तो जबडा. १४ जानेवारी. दोनच दिवसांपूर्वी एकोणसाठावा वाढदिवस झाला होता.

१६ तारखेच्या वर्तमानपत्रात फोटो आला, खाली पूर्ण नाव. देशातल्या लोकांना मुख्य रचनाकार कोण ते त्या सकाळी कळलं. अंत्यदर्शनाला थंडीत रांगा लागल्या. क्रेमलिनच्या भिंतीत अस्थी ठेवताना गागारिननं भाषण केलं. त्यांच्या चंद्राच्या रॉकेटनं पुढे चारदा उड्डाण केलं, चारही वेळा फसलं. १९६९ मध्ये अमेरिकेची माणसं चंद्रावर पोचली.

३ एप्रिल १९८४ ला आपले राकेश शर्मा गेले, तेव्हा मी शाळेत होते. गल्लीत एकच टीव्ही, काळा-पांढरा. पंतप्रधानांशी त्यांचं बोलणं ऐकून आम्ही सगळ्या नाचलो होतो. ज्या सोयुझ रॉकेटनं त्यांना नेलं ते त्याच आर-७ चं सुधारलेलं रूप होतं, कोरोलेव्हांचं. आमच्यापैकी कुणाला ते नाव ठाऊक नव्हतं, सरांनाही नव्हतं.

आता त्यांच्या नावावर दोन देशांची ओढाताण आहे. मॉस्कोजवळच्या त्यांच्या कारखान्याच्या गावाला १९९६ मध्ये कोरोलेव्ह हेच नाव दिलं. तिकडे युक्रेनमध्ये झितोमीरला त्यांचं संग्रहालय आहे, आणि आमच्या मातीतला मुलगा म्हणून तेही सांगतात. आणि २०२२ पासून हे दोन देश एकमेकांवर रॉकेटंच सोडताहेत. त्या माणसाचा जबडा कुणाच्या देशानं मोडला, हे मात्र कुणी ओढून घेत नाही.

मला अजून एक कोडं सुटलेलं नाही. ज्यांनी मारलं, खाणीत पाठवलं, त्यांच्यासाठी हा माणूस रात्रंदिवस का राबला? भीती म्हणावी तर नुसत्या भीतीनं असलं काम होत नाही. सूड कधी मागितला नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला की रॉकेट दुसरीकडे कुठे बनवणार होता, घरी? कदाचित तेवढंच असेल.

मारिया मुलाच्या मागे चौदा वर्षं जगली. १९८० मध्ये गेली, नव्वदी ओलांडून. चरित्र लिहिणारे तिच्याकडे येत, आणि ती त्यांना नेझिनचं अंगण, खांद्यावरून बघितलेलं विमान, सगळं सांगत बसे. सांगायला आता बंदी नव्हती.

परवा काकूंच्या नातीला हे सगळं ऐकवलं, तुरुंगाचं जरा कमी करून. तिच्या वहीत जगातले पहिले अशी एक यादी आहे: गागारिन, तेरेश्कोवा, आर्मस्ट्राँग, सगळे ओळीनं. तिनं पट्टी घेऊन शेजारी नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, बनवणारा कोण. पहिल्या दोन ओळींत कोरोलेव्ह लिहून झालं, दोनदा खोडून. बाकीच्या ओळी रिकाम्या आहेत, आणि त्या भरून द्यायचं काम तिनं माझ्यावर सोपवलंय.